कोताईची उलटी फेरी

पॅसिफिक महासागरातल्या आमच्या रारोटोंगा बेटाला वेढा घालणारा मोठा रस्ता एकच, बत्तीस किलोमीटरचा. त्यामुळे आमच्याकडे भांडण झालं की पंचाईत होते. ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्याच दारावरून जावं लागतं. पापा कोताईनं (वयानं मोठ्या पुरुषाला आम्ही पापा म्हणतो) यावर तोड काढली होती. आवारुआत त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. तिथून तो कायम घड्याळाच्या उलट निघायचा, आरोरांगीपर्यंत जायचा आणि आल्या वाटेनं परत फिरायचा. पलीकडे, टिटिकावेकात, त्याचा थोरला भाऊ तुरोआ राहायचा.

अकरा वर्षांपूर्वी आईला कुठे पुरायचं यावरून दोघांचं बिनसलं. आई शेवटी तुरोआच्या अंगणात, रस्त्याकडेला, पांढऱ्या फरशीखाली गेली. तेव्हा तुरोआ सगळ्यांसमोर म्हणाला, "पुन्हा इथं पाय ठेवलास तर तिच्या शेजारी जागा आहे." तुरोआ थट्टा करणारा माणूस नव्हे. त्याला हसताना पाहिल्याचं सांगणारा गावात एकच म्हातारा होता आणि त्याला मोतीबिंदू होता.

कोताई म्हणजे कानामागे फूल, पोटावर ग्रीस आणि तोंडात चर्चचं गाणं. गिऱ्हाइकापेक्षा त्याचा गाडीवर जास्त विश्वास. "माणसं खोटं बोलतात, वायर बोलत नाही," असं तो म्हणायचा. मार्चमध्ये तेरेआपी नर्सनं गाडी आणली आणि ही वायरच खोटं बोलू लागली.

तेरेआपी मुरीला राहते. रोज सकाळी टिटिकावेकातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायला जाते. तिची गाडी चालता चालता गप्पकन बंद पडायची आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. दुसऱ्या वेळी मागून येणारा खडीचा ट्रक वीतभर अंतरावर थांबला होता.

कोताईनं बॅटरी बदलली, प्लग पुसले, इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवून पाहिली, नळीनं पाणी मारून न्हाऊ घातली. गाडी मांजरासारखी घुरघुरत राहिली. आरोरांगीच्या तीन फेऱ्या झाल्या. गाडी ठणठणीत असल्याचं सांगून त्यानं ती परत दिली.

चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी ट्रक तेरेआपीच्या बाहीला घासून गेला आणि औषधांचा डबा चाकाखाली गेला. रविवारी चर्चमध्ये बायकांनी निदान केलं. तिन्ही वेळा गाडी तुरोआच्या भिंतीपाशीच थांबली होती. आई धाकट्याला बोलावत होती. यावर सगळ्यात मोठ्यानं कोताईच हसला. पण त्या दिवशी गाण्यात त्याचा सूर चुकला.

सोमवारी तेरेआपी दुकानात आली. किल्ली त्याच्यासमोर ठेवली.

"पापा, तुम्ही माझी गाडी तुमच्या रस्त्यावर तपासता. मी मरेन ती माझ्या रस्त्यावर."

कोताईनं किल्ली घेतली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा घड्याळाच्या दिशेनं निघाला. आम्ही मागच्या बसमध्ये होतो. ड्रायव्हरनं वेग कमी केला, कुणी तक्रार केली नाही.

दक्षिणेकडून वारा सुटला होता आणि लाटांचे तुषार रस्त्यावर येत होते. या बाजूनं जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. कोताईच्या फेरीत तो जाताना उजवीकडे, आणि येताना डावीकडे असला तरी आरोरांगीच्या बाजूला तुषार रस्त्यापर्यंत पोचत नाहीत. त्याचा डावा पाय ओला झाला. पांढऱ्या फरशीसमोर इंजिन बंद पडलं.

तो रस्त्यावरच गुडघे टेकून बसला. साइड स्टँडचा स्विच डावीकडेच असतो. त्यावरचं रबर फाटलं होतं. कोताईनं तिथं बोट लावून चाटलं. खारट. नळाच्या गोड्या पाण्यानं स्विच फसला नव्हता. समुद्राच्या पाण्यानं फसला. स्टँड खाली आहे असं समजून गाडी स्वतःच इंजिन बंद करत होती. या आनंदात आपण कुठं बसलोय हेच कोताई विसरला.

फाटक करकरलं. खडीवर पावलं वाजली. नारळ फोडायचा कोयता हातात घेऊन तुरोआ त्याच्या मागे येऊन उभा राहिला. आमची बस मागेच थांबली होती, सगळे खिडक्यांना चिकटले. कोताईनं मान न वळवता हात मागे केला.

"काहीतरी धारेचं दे. वायर सोलायचीय."

तुरोआ त्या हाताकडे आणि मग त्या मानेकडे किती वेळ बघत राहिला, देव जाणे. मग त्यानं कोयता फिरवला आणि मूठ पुढे केली.

कोताईनं स्विच वगळून दोन वायरी थेट जोडल्या. आता गाडी बंद पडत नाही. मात्र स्टँड खाली राहिला तरीही पडत नाही, आणि तसा राहिला तर पहिल्याच डाव्या वळणाला तो रस्त्याला टेकून तेरेआपीला उडवेल. मुरीपासून रस्ता उजवीकडेच वळत येतो. पहिलं डावं वळण तुरोआच्या भिंतीपुढे वीस पावलांवर आहे.

नवा स्विच जहाजानं येणार आहे. जहाज लांबलंय. कोताईनं तेरेआपीला स्टँडचं दहादा बजावलंय, तरी रोज सकाळी सातला तो भिंतीपाशी उभा असतो. तुरोआ ओट्यावर नारळ फोडत बसतो. दोघं बोलत नाहीत. गाडीचा आवाज आला की दोघंही मान वर करतात आणि तिच्या डाव्या पायाकडे बघतात. काल तिला उशीर झाला होता, ती जोरात येत होती, आणि गाडी अगदी जवळ येईपर्यंत स्टँड दिसत नाही; दिसला तेव्हा दोघं एकदम "स्टँड!" म्हणून ओरडले आणि तिनं तो वळणाआधी टाचेनं वर घेतला.