टँकरची शिट्टी

भिवराबाई माळावर एकटीच शेळ्या राखायची. मागं एकदा घळीत पडली, तेव्हा घसा फाटेस्तोवर ओरडली, पण कुत्रंसुद्धा तिकडं फिरकलं नाही. म्हणून दुष्काळाच्या त्या साली ती नांदूरघाटच्या बाजारात शिट्टी घ्यायला गेली.

दुकानदारानं तीन शिट्ट्या पुढं केल्या. पत्र्याची धुळीनं अडकली. रंगीत प्लास्टिकची म्हणजे निव्वळ पोरखेळ. तिसरी, काळी, वाजली तशा शेजारी बसलेल्या दोन बायका दचकून उठल्या. गावाला पाणी आणणाऱ्या टँकरवरचा माणूस अशीच शिट्टी वाजवायचा.

"हीच दे," भिवराबाई म्हणाली. "हिच्यावर सगळं गाव पळत येतंय."

वैशाखात करडू काढायला ती कोरड्या बारवेत उतरली आणि पायाखालची पायरी ढासळली. मांडी मोडली. तिनं जीव एकवटून शिट्टी फुंकली. आणि गाव आलं, खरंच आलं! घागरी, हंडे घेऊन, एकमेकांना ढकलत आलं. काठावरून डोकी वाकली.

"टँकर कुठाय?"

"टँकर न्हाई. मी हाय, पडलीया."

वरच्या शिव्या तिला नीट ऐकू आल्या. बारवेत आवाज घुमतो. गाव रिकाम्या घागरी घेऊन माघारी फिरलं. मागं राहिलेल्या चौघांनी तिला बाजेवर बांधून वर काढलं.

चार महिन्यांनी काठी टेकत ती त्याच दुकानात आली आणि शिट्टी समोर ठेवली.

"का, मावशी? वाजत न्हाई का?"

"लई वाजती, बाबा. पर हिच्यावर मानसं पान्यासाठी येत्यात. मानसासाठी येतील, असली दे."