गिरीजचे शिकारी काका आणि त्यांची तीन कुत्री

अन्याय झाला तो झिपरी, सरदार आणि चंपी या तीन कुत्र्यांवर. कधी झाला, तर गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी, कचऱ्याची गाडी येऊन गेल्यावर आणि शाळेची बस यायच्या आत. करणारे सगळे आंघोळ करून, देवाला नमस्कार करून खाली उतरले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी एका माणसाचं कौतुक करणार आहे, आणि कौतुक ऐकता ऐकता अन्याय विसरायची आपल्याला फार सवय आहे.

तो माणूस म्हणजे या कुत्र्यांचे काका. त्यांना मालक म्हटलेलं चालायचं नाही. म्हणायचे, "मालक कसला? ती मला फिरवतात, मी फिरतो."

काका गिरीजचे, वाडीवाले. केळी, नारळ, थोडी भाजी. बोलता बोलता ते मध्येच मान तिरकी करायचे, पंजा कानामागे धरायचे आणि म्हणायचे, "गप. झिपरी काय सांगते ते ऐक." मी ऐकायचे. मला भुंकणं ऐकू यायचं, त्यांना बातमी.

मी आचोळ्याची. रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचणाऱ्या, नसबंदी करून आणणाऱ्या आणि उरलेल्या वेळात पत्रकं वाटणाऱ्या पोरांच्या गटात आहे. गिरीजला एक म्हातारा कुत्री घेऊन उदमांजराची शिकार करतो असं कळलं, तेव्हा मी लस आणि पत्रक दोन्ही घेऊन गेले. उदमांजर मारणं गुन्हा आहे, हे पहिल्याच वाक्यात तोंडावर सांगितलं. काकांनी पत्रक माझ्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "छान लिहिलंयस. पण हे उदमांजराला वाचून दाखव. केळी ते खातं."

मारत नाही म्हणाले. झाडावर चढवायचं, चढलं की शिकार संपली. मग घरी जाऊन जेवायचं. वडिलांच्या काळी मारायचे, तेही लपवलं नाही. तेव्हा आवडायचं का, असं मी जरा जरबेनंच विचारलं. "आवडायचं ना. खोटं कशाला बोलू? पण मेलेलं उदमांजर उद्या येत नाही. मग कुत्र्यांनी उद्या करायचं काय?"

प्राणिदयेवर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. इतकं स्वार्थी आणि इतकं उपयोगी भाषण एकही नव्हतं.

लस टोचायला त्यांची हरकत नव्हती, फक्त सुईनं कुत्र्यांचं वासाचं नाक बसणार नाही ना, एवढी शंका होती. बसणार नाही म्हटल्यावर त्यांनी सरदारला पुढे बोलावलं. तेही अहोजाहो करून. "सरदार, तुम्ही आधी या." झिपरीला ते बाई म्हणायचे. चंपीला काहीच म्हणायचे नाहीत, ती अजून शिकाऊ होती.

त्यांची शिकार मी पाहिली आहे. उन्हं कलली की राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घातलेल्या चटया आत घ्यायच्या. उदमांजर त्या वासावर येतं. मग बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या जुन्या तळ्याच्या काठावर फतकल मारून बसायचं आणि कुत्री सोडायची. पुढचं सगळं कानांनी. वास लागला की झिपरीचा एक तुटक आवाज, माग पक्का झाला की सरदारची लांब हाळी, आणि झाडाखाली पोचल्यावर तिघांचा मिळून असा काही गोंधळ की शेजारची वाडी शिव्या घालायची. काका डोळे मिटून डोलायचे. झाडाखाली जाऊन वर बघायचे, "आहे" म्हणायचे, आणि कुत्र्यांना घेऊन परत यायचे. झाली शिकार.

थापा मात्र मारायचे. लहानपणी पाहिलेलं एक उदमांजर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बोक्याएवढं होतं. पावसाळ्यात ते कुत्र्याएवढं झालं. गणपतीत त्याला वासराची उंची आली. आणखी एक गोष्ट ते हमखास सांगायचे: एकदा त्यांच्या वडिलांच्या कुत्र्यांनी ताडाखाली आकाशपाताळ एक केलं, वर पाहिलं तर शेजारचे गृहस्थ ताडीच्या मडक्यासकट चिकटून बसलेले. त्या कुत्र्यांना काका शेवटपर्यंत चुकलेली म्हणत नसत. "चोर दाखवायचा, तो दाखवला."

आता इमारतीकडे येऊ. वाडीच्या पलीकडचं बावखल बुजवून तिथे कॉम्प्लेक्स उभं राहिलं. पाणी बुजवलं, आणि जाहिरातीत स्विमिंग पूल दाखवला. झाडं तोडली, आणि इमारतींना झाडांची नावं दिली. त्या झाडांवर राहणाऱ्यांनी काय करायचं, हा विषय कोणत्याच सभेत नव्हता. त्यांनी आपापली सोय केली.

झालं असं, की नवरात्राच्या सुमारास सोसायटीच्या ऑफिसात रोज बासमती भाताचा वास येऊ लागला. कमिटीनं दोन बैठका घेऊन निष्कर्ष काढला, की वॉचमन ऑफिसात चोरून पुलाव शिजवतो. त्याला नोटीस दिली. तो बिचारा डब्यात भाकरी आणणारा माणूस, त्यानं डबा उघडून दाखवला. कमिटी म्हणाली, पुरावा खाऊन टाकला असणार. मग एक दिवस ऑफिसच्या खोट्या छतातून धावपळ ऐकू आली, आणि पुलाव धावत नाही, एवढं सर्वांच्या ध्यानात आलं.

उदमांजराच्या अंगाला असा भातासारखा वास येतो, हे काका ऐकताक्षणी म्हणाले. कमिटीनं त्यांना सन्मानानं बोलावलं. कुत्र्यांसकट. कुत्र्यांना लिफ्टमध्ये मनाई अशी पाटी आहे, म्हणून सेक्रेटरीसाहेबांसकट सगळी शिकार जिन्यानं गच्चीवर गेली आणि वास घेत घेत जिन्यानंच ऑफिसात उतरली. काकांनी दारातच निकाल दिला. "उदमांजराचा बोका आहे. एकटा. म्हातारा. माझ्याएवढाच."

झिपरी छताच्या एका कोपऱ्याखाली बसली, पण तिनं आवाज दिला नाही. काका शिडीवर चढले. छताचा एक चौकोन सरकवून त्यांनी बॅटरी मारली आणि पुष्कळ वेळ आतच डोकं घालून उभे राहिले. उतरले तेव्हा आवाज बदलला होता. "चुकलो. लेकुरवाळी आहे. चला, सरदार."

सेक्रेटरींना हे कळेना. त्यांनी विचारलं, मग तुम्हाला बोलावलं कशाला?

"कोण आहे ते सांगायला. सांगितलं. पिल्लावालीची शिकार होत नाही. पिल्लं फिरती झाली की ती आपण होऊन जाईल."

"आणि तोपर्यंत आम्ही काय करायचं?"

"भात शिजतोय समजा."

वॉचमन हसला. मला वाटतं, सगळं तिथेच बिघडलं. कमिटीला उदमांजर सहन झालं असतं. वॉचमनचं हसणं झालं नाही. छतातली बाई कायद्यानं संरक्षित, तिला हात लावायची हिंमत नव्हती. मग राहिलं कोण? कोणाला न चावलेली, तीनही टोचलेली, नसबंदी झालेली, कानाला खूण असलेली कुत्री. ती मुलांना घाबरवतात असं ठरलं. त्या सोमवारी एक गाडी आली आणि वाडीच्या तोंडाशी उन्हात बसलेल्या तिघांना घेऊन गेली. गाडी कोणाची, कोणाच्या हुकमानं, कमिटी आजही सांगत नाही. मी जाब विचारायला गेले तर सेक्रेटरी मला गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, आम्ही स्वतः डॉग लव्हर आहोत. फक्त इथे नकोत."

नसबंदी झालेलं कुत्रं जिथलं आहे तिथेच राहू द्यायचं, हा नियम आहे. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी मला चहा विचारला.

गाडी चंदनसारच्या बाजूला गेली असं एका रिक्षावाल्यानं सांगितलं. मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी स्कूटर चालवायची, काका मागे, खिशात सुकेळी. बांधकाम दिसलं की स्कूटर बंद करायला लावायचे, उतरायचे आणि तसेच मान तिरकी करून उभे राहायचे. सगळीकडे कुत्रीच कुत्री भुंकत असायची. "ही नाहीत. ही दुसऱ्यांची." एखाद्या गल्लीत असंच कोणी दुसऱ्यांचं उचलून आणून टाकलेलं असावं. ते रस्त्याच्या मधोमध बसून येणारी प्रत्येक गाडी बघायचं. काका त्याला अर्धं सुकेळं द्यायचे आणि माझ्याकडे न बघता पुढे निघायचे.

एका संध्याकाळी विटांच्या ढिगामागून लांब हाळी आली. काका म्हणाले, "सरदार आहेत," आणि त्या वयात धावले. सरदार एका पायानं लंगडत होता. चंपी त्याला चिकटून होती. दोघं सापडली. झिपरी नव्हती.

त्यानंतरही आम्ही जात राहिलो. शिकारीत ज्या माणसानं कधी कुत्र्याला हाक मारली नव्हती, तो अर्धवट इमारतींपुढे उभा राहून हाका मारायचा. "बाई, चला. घरी चला." वरच्या मजल्यावरचे मजूर खाली वाकून बघायचे. एकानं मला हळूच विचारलं, यांची बायको हरवली का? मी नाही म्हटलं आणि काकांच्या मागे पुढच्या इमारतीकडे गेले.

खोकला झाला तरी त्यांनी ऐकलं नाही. माघात अंथरुणाला खिळले आणि महिना संपायच्या आत गेले. सरदार आणि चंपी आता वाडीच्या तोंडाशी असतात. काकांची सून त्यांना जेवायला घालते. छतातली बाई पिल्लं घेऊन कधीच निघून गेली, काका म्हणाले होते तशी. ऑफिसात आता फक्त फिनाइलचा वास येतो.

आणि येत्या रविवारी सकाळी सोसायटीची सभा आहे. ठराव असा आहे, की उरलेली दोन कुत्रीही उचलावीत. हे पत्रक तुमच्या दाराखालून आलं असेल, तर तुम्ही त्याच कॉम्प्लेक्समध्ये राहता. वाईट वाटलं, असं मला कळवू नका. सभेला या. ठरावाविरुद्ध हात वर करा, आणि तो खाली घ्यायच्या आधी सेक्रेटरींना सगळ्यांसमोर विचारा: झिपरीला कुठे उतरवलंत?