मातीच्या तासाचे आई-बाप

मुलांचे किस्से सांगा, असं कुणी म्हटलं की मी अडखळते. उभा जन्म बालवर्गावर काढला, पण मुलांचे किस्से फार थोडे. मुलं सरळ असतात हो! किस्से असतात ते त्यांच्या आई-बापांचे. ते मात्र इतके साचलेत, की एक काढायला जावं तर चार बाहेर येतात.

निजामाचं राज्य होतं. औरंगाबादेत गुलमंडीच्या अलीकडे आमची शाळा. आमच्या मोठ्या बाई हैदराबादला ट्रेनिंग करून आल्या आणि येताना एक नवी फॅशन घेऊन आल्या. लहान मुलांना रोज एक तास ओल्या मातीत खेळू द्यायचं! करायचं ते करा, मोडायचं ते मोडा. "यानं बुद्धी वाढते," असं त्या म्हणत. मुलांची किती वाढली ते मला ठाऊक नाही, पण आई-बापांची किती आहे हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

या तासासाठी मोठ्या बाईंनी मला नेमलं होतं. म्हणजे तास बंद झाला, की मीही घरी! वडील गेलेले, आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्या पगारावर. त्यामुळे शाळेच्या दारात कुणी पालक दिसला, की मला आधी घाम फुटायचा आणि हसू मागाहून यायचं.

*

पहिल्या आल्या देशमुखीणबाई. चितेगावकडे यांची एवढी जमीन, की गडीमाणसंच हिंडून दमायची.

"बाई, आमच्या घरात माती मळायला गडी हायेत. आमच्या बाळासाहेबानं का म्हून हात घाण करायचे?"

दुसऱ्या दिवशी बाळासाहेब आले ते म्हादू गड्याला घेऊनच. गडी मिशा सावरत लहान मुलांच्या ओळीत मांडी घालून बसला. बाळासाहेब पाठीमागे हात बांधून उभे. "शिंग वाकडं कर! शेपूट लांब कर! म्हादू, बैल हसतोय, त्याला गप कर!"

बैल झाला सुरेख. मोठ्या बाई फिरत फिरत आल्या आणि त्यांनी कौतुकानं विचारलं, "कुणी केला रे हा?"

बाळासाहेबानं छाती पुढे काढली. "मी करवून घेतला!"

मोठ्या बाई म्हणाल्या, "हा मोठा होऊन राज्य करणार." त्या हे कौतुकानं म्हणाल्या नव्हत्या, पण देशमुखीणबाईंनी गावभर पेढे वाटल्यासारखं ते वाक्य वाटलं.

*

डॉक्टरीणबाईंची गोष्ट निराळी. त्या सुधारलेल्या होत्या. "आमचा मातीला विरोध नाही. जंतूंना आहे," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मग त्यांच्या सुमनची माती घरून यायला लागली. चाळलेली, मलमलीच्या फडक्यातून गाळलेली आणि वर खळखळून उकळलेली! पितळी तांब्यातून यायची, झाकण लावून. आता गाळून उकळलेल्या मातीचं काय व्हायचं? कढी झाली होती कढी!

सुमननं तांब्या पाटीवर उपडा केला. माती पाटीवरून सतरंजीवर, सतरंजीवरून शेजारच्या तिघींच्या परकरात. सुमन शांतपणे म्हणाली, "बाई, मी नदी केली."

त्या तिघींच्या आया दुसऱ्या दिवशी माझ्याकडे भांडायला आल्या, डॉक्टरीणबाईंकडे नाही. डॉक्टरांकडे औषधाला जावं लागतं ना!

*

झैनब आपा आमच्या शाळेत उर्दू शिकवायच्या. त्यांच्याकडे कचेरीतले एक मुन्शीजी आले. खेळायला त्यांची ना नव्हती, पण खेळातून काहीतरी पदरात पडलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. "आपा, बच्चा मट्टी के हुरूफ बनाए. खेल का खेल, पढाई की पढाई!"

झालं! सगळी मुलं चिमण्या, चुली, उंट करतायत आणि मुन्शीजींचा अन्वर रोज मातीचा अलिफ करतोय. अलिफ म्हणजे उर्दूतलं पहिलं अक्षर, एक सरळ उभी काडी. पोरगं कंटाळून गेलं.

एक दिवस मुन्शीजी स्वतः बघायला आले. पाटीवर अलिफ होता, पण चांगला तीन ठिकाणी वळलेला. एका टोकाला दोन बारीक डोळेही होते.

"ये अलिफ टेढा कैसा हुआ?" मुन्शीजी कडाडले.

अन्वर म्हणाला, "अब्बा, खडा खडा थक गया था. अब घर जा रा!"

*

शास्त्रीबुवांच्या घरात कडक सोवळं. त्यांची यमू शाळेतून माती हाताला लावून आली, की तिला अंगणातच आंघोळ. मग तिनं तोड काढली. घरात माती नाही ना, मग कणीक तर आहे! आई पोळ्या करायला बसली, की ही हळूच एक गोळा पळवायची आणि कोपऱ्यात काहीबाही करत बसायची.

आईनं दोनदा पाठीत धपाटा घातला. "अन्नाचा खेळ करतीस व्हय?"

आणि गंमत बघा. पुढच्याच महिन्यात यमूच्या मावशीचं लग्न निघालं. रुखवतासाठी आळीतल्या बायका जमल्या आणि त्याच कणकेच्या नखुल्या काय, मालत्या काय, गव्हले काय! सुपंच्या सुपं भरली. दिवसभर कणीक चिवडत होत्या आणि एकमेकींची वाहवा करत होत्या. तो खेळ नव्हता, ते काम होतं.

यमूला वाटलं, आता मोकळीक मिळाली. तिनं त्या गडबडीत कणकेचा छान उंदीर केला, मिरीचे डोळे लावले आणि परातीच्या कडेला ठेवला. आईनं पाहिला. मिरी काढून टाकली, उंदीर गोळ्यात चेपला आणि पोळी लाटून मोकळी झाली.

पंगतीत शास्त्रीबुवा पहिल्याच पानावर. अर्धी पोळी पोटात गेलेली आणि दारातून यमूनं भोकाड पसरलं, "बाबांनी माझा उंदीर खाल्ला!"

शास्त्रीबुवा पाटावरून असे उठले, की पुढचं ताट शेजारच्या पाहुण्याच्या मांडीवर! कुणी समजावून सांगेपर्यंत ते विहिरीवर पोहोचले होते. त्या दिवशी त्यांनी किती चुळा भरल्या आणि किती आंघोळी केल्या, ते विहिरीला माहीत. तक्रार मात्र शाळेकडे आली. म्हणे, हे मातीच्या तासाचेच संस्कार!

*

अशा तक्रारी करणाऱ्यांचे पुढारी होते वकीलसाहेब. मोठं पोट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, डोक्यावर गोंड्याची उंच रुमी टोपी. बोलताना उजव्या हाताचं बोट कायम वर. कोर्ट असो की घर, ते बोट काही खाली यायचं नाही.

त्यांची शांता माझ्या वर्गात. जेमतेम सहा वर्षांची, बोलायची कमी, पण हात असा, की चिमटीभर मातीत माणूस उभा करायची. वकीलसाहेब रोज संध्याकाळी तिची नखं तपासत. नखात माती दिसली, की स्वतःचे कान धरून ही भिंतीशी उभी! वकीलीणबाई मधे पडल्या, की बोट त्यांच्याकडे वळायचं.

शेवटी वकीलसाहेबांनी मातीचा तास बंद करावा म्हणून अर्ज केला. शाळा तपासायला शिक्षणखात्याचे मोहतमीमसाहेब यायचे होते, त्यांच्यापुढेच निकाल लागणार होता. आदल्या दिवशी मोठ्या बाई मला म्हणाल्या, "बघू या गं." त्या असं म्हणाल्या की काही खरं नसायचं. आईला मी काही सांगितलं नाही.

मोहतमीमसाहेब पांढऱ्या शेरवानीत, फार अदबशीर माणूस. खोलीत मोठ्या बाई, झैनब आपा आणि मी. समोर वकीलसाहेब, मागे वकीलीणबाई आणि शांता. वकीलसाहेबांनी रुमालाची गाठ सोडली आणि एक मातीची मूर्ती टेबलावर ठेवली.

"हुजूर, हा पुरावा! पाण्याच्या रांजणामागं लपवून ठेवला होता. बघा, शाळेत काय शिकवतात ते!"

मी वाकून बघितलं. मोठं पोट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, डोक्यावर गोंड्याची उंच टोपी. उजवा हात वर, आणि त्याचं एक बोट!

"हे पोट बघा!" वकीलसाहेब बोट वर करून म्हणाले. "डोक्यावर काय, गाडगं? आणि हात वर कशाला? धड माणूस नाय, धड माकड नाय! हुजूर, असा प्राणी आपण कुठं पाहिलाय का?"

मोहतमीमसाहेबांनी मूर्तीकडे पाहिलं. वकीलसाहेबांकडे पाहिलं. मग ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मोठ्या बाईंनी तोंडात पदर कोंबला. झैनब आपांचं पेन खाली पडलं आणि ते उचलायला त्या टेबलाखाली गेल्या, त्या वर येईनात.

मला हसू आलं नाही. मी शांताकडे बघत होते. तिचे हात आपणहून कानांकडे निघाले होते. मला इतका राग आला, की नोकरी गेली तरी चालेल असं क्षणभर वाटलं.

"बोल!" वकीलसाहेब तिच्यावर ओरडले. "कोण आहे हा?"

शांतानं मूर्तीच्या पोटाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं.

"गणपती," ती म्हणाली.

वर गेलेलं ते बोट मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली येताना पाहिलं. वकीलसाहेबांनी घाईघाईनं पायातले जोडे काढले आणि हात जोडले.

मोहतमीमसाहेबांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "लेकिन वकीलसाहेब, गणपती को ऐनक?"

"हुजूर, विद्येची देवता! वाचन किती असंल!"

"और सूंड?"

"कच्ची माती, हुजूर. वाळताना गळाली असंल. आणि हा मुकुट, आणि हा आशीर्वादाचा हात!" वकीलसाहेबांना आता चेव आला होता. "जिथं लेकरांच्या हातून देव घडतो, तो तास बंद कसा करायचा?"

मोहतमीमसाहेब म्हणाले, "आपने खूब वकालत की." आणि तास चालू ठेवायचा हुकूम देऊन, ते जरा जास्तच लगबगीनं टांग्याकडे गेले. टांगा कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

पुढे बऱ्याच दिवसांनी वकीलीणबाई मला पानचक्कीपाशी भेटल्या. बरोबर शांता. तिच्या नखांत माती होती आणि ती लपवत नव्हती.

"गणपती कसे आहेत?" मी विचारलं.

"देवघरात बसवलाय," वकीलीणबाई म्हणाल्या. "हे रोज आंघोळ करून त्याच्यापुढं उभं राहतात आणि 'माकड म्हणालो, चुकलो' म्हणून कान धरतात. मी आणि शांता मागं हात जोडून उभ्या."

"मग विसर्जन कधी करणार?"

वकीलीणबाईंनी शांताकडे पाहिलं.

"मी म्हणलं हिला, करून टाकू. तर ही म्हणती, राहू दे गं आई. मी धरले तेवढे दिवस बाबांचे कान धरून होऊ दे, मग बघू."