अक्कम्माचा ओटा

दुसऱ्याच्या घरातली कोणती भिंत पाडावी हे सांगत सुटणाऱ्या लोकांचा मला राग येतो. पूर्वी असे लोक लग्नाकार्यात भेटायचे. आता ते मोबाइलमध्ये राहतात आणि जेवणं झाली की बाहेर येतात. शेजारच्या नंदीशला त्यांनीच धरलं होतं. "काकू, ओट्यावर काही दिसता कामा नये. ड्रॉवरला कड्या नकोत, नुसतं ढकललं की उघडतं. डबे सगळे एकसारखे, काचेचे," असं तो मला पटवत बसायचा. पोरगा गुणी आहे, आईवर जीव आहे त्याचा. आईला सुख व्हावं म्हणूनच त्याला स्वयंपाकघर नवं करायचं होतं, आणि खरी पंचाईत तिथंच होती.

त्याची आई अक्कम्मा. जुळे सोलापुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तिचा नवरा शिवयोगी ट्रक चालवायचा. तो अपघातात गेला तेव्हा नंदीश शाळेत होता. अक्कम्माने रडायचं तेवढं रडून घेतलं आणि शेंगाचटणी, कडक भाकरी विकायला सुरुवात केली. मुलाचं शिक्षण, लग्न, सगळं त्या काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर झालं. चटणी कुटताना बत्ता निसटून ओट्याचा एक कोपरा उडाला होता. तो तिने कधी दुरुस्त केला नाही. "कामाच्या ओट्याला शोभा कशाला, ताई?" म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ती माझ्याकडे आली. "ताई, डोळ्याच्या दवाखान्यात चला की माझ्यासंगं. नंदीशला सांगू नका."

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांच्या मागचा पडदा झिजलाय. समोरचं पुसट होत जाईल, रंग कळेनासे होतील, कडेकडेचं तेवढं दिसत राहील. गेलेली नजर परत यायची नाही. मी घाबरले. अक्कम्मा मात्र सरळ रिक्षात जाऊन बसली. मग तिने माझा हात धरला.

"माझ्या सासूचं डोळं गेलं तवा ती बाजेवर बसली. ताट मीच न्हेऊन द्यायचे. लई चांगलं वाढायचे, ताई. पण एकदा ती उठून चुलीपाशी आली, तर मीच तिला हाताला धरून परत बसवली. पडशील म्हणलं. पुना ती उठलीच न्हाय." तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "मला बी तसंच बसवतील. मायेनंच बसवतील. तुमाला माझी शपथ हाय, कुणाला बोलू नका."

शपथ घालून ती मोकळी झाली आणि घोर माझ्या जिवाला लागला.

त्या दिवसापासून मी तिला निरखू लागले. स्वयंपाकघरात शिरताना तिच्या पायाचा अंगठा आधी उंबरा चाचपायचा. मग हात ओट्यावरून सरकत त्या फुटक्या कोपऱ्याशी यायचा, की पुढे वीतभर अंतरावर गॅस. मीठ चिनी मातीच्या बरणीत, तिखट पितळेच्या डब्यात, साखर चौकोनी डब्यात. हाताला सगळं पाठ होतं. चटणीची चव तसूभर बदलली नव्हती. नंदीशला काही म्हणजे काही कळलं नाही. सुनेला, शिवलीलाला, कळलं असावं असं मला अधूनमधून वाटायचं, पण ती मुलगी पोटातलं ओठांवर येऊ देत नाही.

आणि आता नेमका तो उंबरा जाणार होता. ओटा जाणार होता. बरण्याही जाणार होत्या.

"उंबरा तेवढा असू दे रे," अक्कम्मा म्हणाली.

"अव्वा, अडखळून पडशील एखाद्या दिवशी."

"आजवर पडले का?"

"तुला नवं काही नकोच असतं," नंदीश वैतागला. तिने विषय सोडून दिला. जास्त वाद घातला तर कारण सांगावं लागलं असतं. मी मध्ये तोंड घालून पाहिलं, "अरे, वय झालं की सवयीचं बरं असतं माणसाला." त्यावर त्याने मला एक व्हिडिओ दाखवला. त्यातल्या स्वयंपाकघरात कुणी कधी फोडणी दिली असेल असं मला वाटलं नाही.

काम सुरू झालं तसं धुळीचा त्रास नको म्हणून अक्कम्माला कुंभारीला तिच्या भावाकडे धाडलं. संध्याकाळी तिचा मला फोन यायचा.

"उंबरा गेला का, ताई?"

"गेला."

"आन् ओटा?"

"आज फोडला."

फोन ठेवला की मला घास गोड लागत नसे. ही बाई परत येऊन उभी कुठे राहणार, हात कशाला लावणार, याच विचाराने माझं डोकं भणभणायचं. शिवलीलाने जुन्या बरण्या आणि डबे भंगारवाल्यासाठी बाहेर काढले तेव्हा मी पुढे झाले. "मला लागतात गं, मला दे," म्हटलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. काही न विचारता चिनी बरणी जुन्या साडीत गुंडाळली आणि सगळं एका पिशवीत भरून दिलं.

अक्कम्मा परतली त्या दिवशी नंदीशने मलाही बोलावलं. धुळीमुळे बरेच दिवस मी तिकडे फिरकले नव्हते. दारात चपला काढून अक्कम्मा आत आली आणि स्वयंपाकघरापाशी थबकली. तिचा अंगठा जमिनीवर उंबरा शोधत होता. गुळगुळीत फरशीवर तो इकडून तिकडे फिरला. तिला हात द्यावा की न द्यावा, मला कळेना.

"बघ अव्वा, कसं झालंय?"

तिने मान वर करून कपाटांकडे चेहरा केला आणि हसली. "झकास झालंय की. फोनवर म्हणला होतास तसं मोरपंखीच केलंस. लई खुलून दिसतंय."

मी कपाटांकडे पाहिलं. कपाटं गडद लाल होती.

"अगं अव्वा, मोरपंखी मिळालंच नाही, म्हणून हे..." नंदीश बोलता बोलता थांबला. त्याने आईच्या डोळ्यांपुढे हळूच हात हलवला. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

अक्कम्माचं हसू मावळलं. "रंग दुसरा हाय का रे?"

नंदीशने घाईघाईने खुर्ची ओढली, तिला खांद्याला धरलं. "बस तू आधी. बस अव्वा. आता तू काही म्हणजे काही करायचं नाहीस."

आणि अक्कम्मा बसली. हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून. नंदीशच्या डोळ्यांना धार लागली होती, त्याला रागवायची सोय नव्हती. पण त्या खुर्चीत बसलेल्या तिला बघून मला रडू फुटलं.

तेवढ्यात शिवलीला म्हणाली, "काकू, ती पिशवी आणा की."

मी जवळजवळ धावतच घरी गेले. पिशवी घेऊन आले तोवर तिने ड्रॉवरमधले सगळे काचेचे डबे काढून खाली ठेवले होते. ती सासूपाशी गेली. "अत्ती, उठा. चहा कोण टाकणार?"

"अगं, भाजेल तिला," नंदीश म्हणाला.

"तुम्ही सांगू नका. त्यांना विचारा," शिवलीला म्हणाली आणि चिनी मातीची बरणी तिने त्याच्या हातात दिली.

तो बरणी घेऊन ओट्यापाशी गेला. मग म्हणाला, "अव्वा, मीठ कुठं ठेवू?"

अक्कम्मा खुर्चीचा हात धरून उठली. नव्या ओट्यावरून तिचा तळवा सावकाश फिरत गेला. फुटका कोपरा कुठेच नव्हता. "हितं," ती म्हणाली, "डाव्या हाताला. तिखट त्याच्या पल्याड. आन् गॅसच्या अलीकडं कायतरी खूण करून घे मिस्त्रीकडनं, हाताला लागंल अशी."

"करतो. आणि साखर?" त्याने मिठाची बरणी डावीकडे ठेवत विचारलं.

"साखर उजवीकडं. आन् आता बाजूला हो, मला गॅस सापडू दे."