रूळआप्पांचा अर्धा दिवस

रूळआप्पा सपाट डांबरी रस्त्यावरसुद्धा रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरवरून चालल्यासारखे चालत. पाऊल ना लांब ना आखूड, दर वेळी नेमकं तेवढंच. वरातीत ते पुढे असले की बँडवाले वैतागायचे, कारण आप्पांचा पाय ताशाच्या तालावर कधी पडलाच नाही. त्यांची बायको, गावाची आक्का, सगळ्यांसमोर सांगायची, "सप्तपदीला माझ्या सात पावलांची वाट ह्यांनी चार ढांगांत उरकली. फरफटत नेलं बगा मला." आप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि त्याच पावलांनी चुलीजवळ जाऊन बसायचे.

आमचं गाव बोरगावच्या बाजूला. तिथे एका शेटजींचा खासगी साखर कारखाना होता आणि ऊस आणायला कारखान्याची स्वतःची छोटी रूळगाडी होती. अरुंद लाइन, खोकणारं डिझेल इंजीन आणि मागे उसाचे उघडे डबे. आप्पा त्या लाइनीचे मुकादम. लाइन तपासायला त्यांच्याकडे एक ढकलगाडी होती, म्हणजे चार चाकांवर ठोकलेली फळी. शाळा सुटली की त्या फळीवर बसायला आम्ही रांग लावायचो. तिकीट ठरलेलं: सोळाचा पाढा. चुकलं की खाली उतरायचं. मी पुढे सिव्हिल इंजिनिअर झाले, त्याचं श्रेय कॉलेजनं खुशाल घ्यावं, पण पाया त्या फळीवरचा आहे.

गावातल्या शेतकरी घरांत सावड चालायची. आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. मजुरीचा प्रश्नच नाही. आप्पांचंही थोडं रान होतं, पण त्यांची खोड अशी, की ते सावड कधी पुरी फेडून घ्यायचे नाहीत. दुसऱ्याच्या रानात दिवसभर वाकायचे आणि तो आपल्याकडे आला की दुपारी भाकरी खाऊ घालून घरी पाठवून द्यायचे. म्हणायचे, "अर्धा दिस ऱ्हाऊ दे. सगळी फिटली की मानूस यायचा थांबतंय." आक्काच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "सगळ्या गावात अर्धा अर्धा दिस पेरून ठेवलाय," ती म्हणायची, "उगवनार कवा त्यो?"

आमची अकरा घरं बुद्धविहारामागच्या गल्लीत. आम्ही सावडीत नव्हतो. सावड बरोबरीच्यांची असते, आणि आमच्याकडे ना रान होतं ना बैल. माझे वडील, बाळू, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या, तात्यांच्या रानात मजुरीला जायचे. मग सरकारनं आमच्या घरांना ओढ्यापलीकडच्या माळावर जमिनी दिल्या. कागदावर तीन तीन एकर, आणि जागेवर नुसतं कुसळ आणि धोंडे. मधल्या ओढ्यात बैलगाडी चाकाच्या आसापर्यंत रुतायची, त्यामुळे खताची एक पाटीसुद्धा वर पोचत नव्हती. जमीन तशीच पडून राहिली. एक दिवस तालुक्याच्या ऑफिसातून पत्र आलं, आमच्या सीमाभागात सरकारी कागद यायचे तसं कानडीत. वडील ते घेऊन आप्पांकडे गेले, कारण आप्पांना कानडी वाचता यायचं. मी सोबत होते. आप्पांनी पत्र दोनदा वाचलं.

"पुढच्या पावसात पेरलं न्हाय तर जमीन माघारी घेनार म्हनत्यात."

जन्मात पहिल्यांदा वडिलांच्या नावावर काहीतरी आलं होतं. आप्पांनी पत्राची घडी घातली आणि वडिलांच्या खिशात ठेवली. "बाळू, तुझ्या जमिनीला पाय न्हाईत रं. आपली लाइन तिथवर न्याला पायजे."

शेटजींनी साफ सांगितलं, आधी माळावरचा ऊस दाखवा, मग रूळ. आप्पा म्हणाले, "शेट, उसाचं बेनं काय पंख लावून वर जानार व्हय?" असं आठवडाभर चाललं. शेवटी शेटजी कंटाळले. गोदामामागचे जुने रूळ न्या, स्लीपर न्या, रविवारी इंजीन न्या, पण मजुरी म्हणून एक पैसा मिळणार नाही, असं म्हणाले. आप्पा गप बसतील अशी त्यांची अटकळ होती.

दुसऱ्या दिवशी आप्पा गावात दारोदार फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य. "माझा अर्धा दिस हाय तुझ्याकडं. सोमवारी घमेलं घेऊन ये." वर्षानुवर्षं पेरलेले अर्धे दिवस एकदम उगवून आले. अख्खं गाव लोटलं, तात्यासुद्धा. आमच्या अकरा घरांतली तर म्हातारी माणसंही घरी थांबली नाहीत. कारखान्याचा सुपरवायझर हजेरीचं मस्टर मागायला आला तेव्हा आप्पा म्हणाले, "मस्टर न्हाय सायेब. सावड हाय." आणि अर्ध्या दिवसासाठी आलेली माणसं ओढ्यावरचा भराव पुरा होईपर्यंत रोज येत राहिली.

रूळ उचलायची एक रीत असते. दोन्ही टोकांना खाली दांडकं अडकवायचं आणि एकेका दांडक्याला दोघांनी खांदा द्यायचा. दोघांची उंची सारखी लागते, नाहीतर सगळा भार बुटक्यावर येतो. आप्पांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि नुसती उंची बघून जोड्या लावल्या. तात्या ताडमाड. अख्ख्या गावात त्यांच्या खांद्याला खांदा लागेल असा माणूस एकच, माझे वडील.

"दुसरं कोन न्हाय व्हय?" तात्या म्हणाले.

"हाय की, तुमचा धाकटा," आप्पा म्हणाले. "पन सगळा रूळ तेच्या मानंवर यील. चालंल?"

तात्यांनी खांदा दिला. दोन दिवस दोघं एका दांडक्याखाली एकमेकांशी अवाक्षर न बोलता चालले. तिसऱ्या दिवशी तात्या म्हणाले, "बाळू, जरा दमानं रं." वडिलांनी त्या रात्री जेवताना हे आईला दोनदा सांगितलं.

आणि मग रूळ कमी पडले. सगळं अंतर आप्पांनी आपल्या प्रसिद्ध पावलांनी मोजलं होतं, पण चढाला दम लागतो म्हणून ते माळावरून खाली येताना मोजलं होतं. उताराला पाऊल लांब पडतं, हे एवढ्या मोठ्या मुकादमाच्या ध्यानात आलं नाही. लाइन आमच्या रानाच्या दोन बांध अलीकडेच संपली. गाव पोट धरून हसलं. वडील मात्र त्या शेवटच्या रुळावर जाऊन बसले. आप्पा खाली गेले आणि आपल्या चौकीसमोरचा, ढकलगाडी उभी करायचा रुळांचा फाटा उखडून घेऊन आले. त्यानंतर इंजीन आलं की त्यांना ढकलगाडी उचलून बाजूला ठेवावी लागायची. दिवसातून चारदा. "माझ्या पायाची चूक," म्हणायचे, "पाठ दंड भरतीया."

लाइन झाली, पण आप्पांच्या मते सावड अर्धीच झाली होती. एका रविवारी त्यांनी इंजिनामागे खताचे डबे जोडले आणि त्या डब्यांत गाव बसवून वर आणलं. इंजिनाला साखळदंड बांधून रुळाकडेच्या रानातले धोंडे ओढून काढले. "इंजिनाची बी सावड फिटाय पायजे," म्हणाले. माणसं आधी आमच्या तीन एकरांत उतरली. वडिलांना काय करावं कळेना. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेला माणूस, तो सवयीनं कुदळ घेऊन एका कोपऱ्यात खणायला लागला. आप्पांनी त्यांच्या हातातली कुदळ काढून घेतली. "आज तू मालक हाईस. चा सांग सगळ्यास्नी."

आईनं बांधावरच चूल मांडून चहा केला. सगळ्यांचं लक्ष तात्यांच्या हातातल्या कपाकडे. तात्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "साकर कमी हाय." आई साखर आणायला धावली, आणि परत येताना ती रडत होती की हसत होती, हे मला अजून सांगता येत नाही.

त्या पावसात आम्ही अकराही घरांनी पेरलं. जमीन राहिली. मागोमाग माळावर घरं आली, शाळा आली. पुढे ट्रॅक्टर आले, शेटजींनी रूळ उचलले, आणि त्याच भरावावरून आता डांबरी रस्ता जातो. मी आता शहरात, अनगोळला राहते, पण गावी जाताना त्या दोन बांधांच्या टप्प्यावर गाडी आपोआप हळू होते.

आप्पा म्हातारपणी मुलाकडे, शहराजवळच्या पिरनवाडीला आले. मुलानं घर बांधायला काढलं. स्लॅबच्या दिवशी सकाळी सातला दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून माझे वडील, तात्या, त्यांची पोरं आणि आमच्या माळावरची वीस माणसं घमेली घेऊन उतरली. कॉन्ट्रॅक्टर गांगरला. "कुणाची माणसं? हजेरी कुठं लावायची?" वडील कधी नव्हे एवढ्या जोरात बोलले. "मस्टर न्हाय सायेब. सावड हाय." आप्पा खुर्चीत बसून सगळं बघत होते. दुपारी स्लॅब झाला तेव्हा वडील त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "फिटली का आता?" आप्पांनी आकाशाकडे बघितलं. ऊन अजून डोक्यावर होतं. "कशी फिटंल? अर्धाच दिस झालाय."

आप्पा गेले त्या दिवशी वडिलांचे गुडघे सुजलेले होते. मी म्हटलं, तुम्ही बाजूला थांबा, पोरं खांदा देतील. वडिलांनी तिरडीच्या पुढच्या दांडीकडे बघितलं. एका बाजूला तात्या आधीच उभे होते, काठी टाकून.

"तात्या तिकडं हायत न्हवं?" वडील म्हणाले. "मग हिकडं मीच पायजे." आणि त्यांनी खांदा दिला.