नाव हरवलेल्या पणजीसाठी ओंजळ

मंडळी, आज सर्वपित्री अमावास्या. सकाळी इथे आखातात, अजमानच्या किनाऱ्यावर पितरांचं तर्पण केलं. ऑफिसमधला सालेम, इथलाच अरब, सोबत आला होता.

मी एकेक नाव घेऊन पाणी सोडत होतो. ते पाहून तो म्हणाला, "मेरी परदादी को अफ्रीका से लाकर यहाँ बेचा था. नाम मालिक ने रख दिया. असली नाम किसी को नहीं मालूम."

तर्पणात ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ असते. पण हिचा पणतू तर समोर उभा, आणि धर्म वेगळा. तिच्यासाठी ओंजळ सोडू का, असं तुम्ही त्याला विचारलं असतं?

मी विचारलं.

"पानी ही है ना, हबीबी? दे दो. प्यासी आई होगी."

मालकाने ठेवलेलं नाव घ्यावंसं वाटेना. "सालेमची पणजी," असं म्हणून मी ओंजळ सोडली.