एक घंटी थांबा, दोन घंटी चला

देवराव कंडक्टरनं निवृत्तीच्या दिवशी एसटीची घंटी चोरून आणली, असं आमच्या गावात कुजबुजलं जायचं. कुजबुजणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. पानठेल्यावर उभं राहायचं आणि हाती आलेली गोष्ट पुढं ढकलायची नाही, म्हणजे ताटातलं अन्न टाकण्यासारखं. बरं, गोष्ट रोज वाढायची. आधी नुसती घंटी होती. मग घंटीला दोरी आली. मग तिकिटाची पेटी आली. बाजाराच्या दिवशी एकानं तर गळ्याला चिमटा घेऊन शपथेवर सांगितलं की देवरावनं ड्रायव्हरची सीटसुद्धा उचलून आणली आहे आणि सकाळी तिच्यावर बसून तो दाढी करतो.

गावाचं नाव विचारू नका. घाटंजी नव्हे, राळेगाव नव्हे. दोन्हीकडून येताना कंबर सारखीच मोडते, एवढं पुरे. कधीकाळी इथं जिनिंगचे भोंगे वाजायचे. आता भोंगा एकच, भावी नगराध्यक्षांच्या वाढदिवसाचा. नगरपरिषदेची मुदत संपून वर्षं लोटली होती. निवडणूक आज होते, उद्या होते म्हणता म्हणता नगरसेवक माजी झाले, आणि प्रशासक साहेबांना डोळ्यांनी पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. नळ नवव्या दिवशी. नाली तुंबलेली. खांबावरचा दिवा लागला तर लोक घराबाहेर येऊन पाहायचे. आणि या सगळ्याच्या टोकाला, गाव संपून कपाशीची पऱ्हाटी सुरू होते तिथं, बेचाळीस घरांचा पंचशील लेआऊट. निम्मी घरं बौद्धांची, निम्मी वावर मक्त्यानं देऊन गावात राहायला आलेल्यांची. त्यातलं सातवं घर देवरावचं.

देवरावनं एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. उंच इतका की गाडीच्या छताला घासून घासून टक्कल पडलं, असं त्याची बायको मथुराबाई सांगते. आणि कडक इतका की तपासणीवाले त्याच्या गाडीत चढायचे आणि कंटाळून उतरायचे. मुकुटबनच्या गाडीत एकदा त्याचा सासरा बसला. म्हाताऱ्याला झोप लागली, थांबा मागं राहिला. जावयानं हलवून जागं केलं आणि पुढच्या टप्प्याचं तिकीट फाडून हातात दिलं! सासरा मग वर्षभर बैलबंडीनं फिरला.

शेवटच्या फेरीला मथुराबाई हौसेनं गाडीत बसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. नवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. तिलाही यानं तिकीट दिलं. बायांना अर्धं आहे म्हणून अर्धं, नाहीतर पुरतं फाडलं असतं. बिचारी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर आगारापर्यंत तोंड फुगवून बसली होती. गाडीही जुनीच होती. देवरावबरोबर तीही भंगारात निघणार होती.

आठ दिवसांनी देवरावच्या ओट्यावर घंटी दिसली. कुठून आणली म्हणाल तर मथुराबाईनं फिरत्या भंगारवाल्याकडून घेतली म्हणे, नवऱ्याला घरात करमेना म्हणून. देवरावनं ती टांगली, दोरी लावली, आणि नळ आले की ओढायला लागला. ‘नळ आले’ असं ओरडत फिरण्यापेक्षा बरं. मग पलीकडच्या घरानं दोरी आपल्याकडंही मागितली. मग त्याच्या पलीकडच्यानं. महिन्याभरात दोरी खिळ्यांवरून, खांबांवरून बेचाळीसही घरांपुढून गेली. कोणीही, कुठूनही ओढा, देवरावच्या ओट्यावर टिंग!

आता माणसाच्या दारात दोरी असली की तो ती नुसत्या नळासाठी थोडीच ओढतो? नाली उपसायची ठरली तेव्हा सगळे देवरावच्या ओट्याजवळ जमले. भगवानराव, सात एकराचे मालक, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आले ते अध्यक्ष व्हायच्या तयारीनंच.

“पयले अध्यक्ष ठरवा,” ते म्हणाले.

“गाडीत अध्यक्ष रायते काय गा, भगवानराव?” देवराव म्हणाला. “ज्याले उतराचं हाय तो एक घंटी मारते, गाडी थांबते. मंग तो मजूर असो का मंत्री.”

“अन् चालू कराची दोन घंटी कोण मारन? तू?”

“शेवटचा माणूस चढला का दोन घंटी. ज्याच्या घरी पाणी सगळ्यात शेवटी पोचते, त्याची दोन घंटी.”

शेवटचं घर इंदुताईचं. एकटी बाई, सात कोंबड्या, आणि जीभ अशी की कोंबड्यासुद्धा दबून असतात.

भगवानराव तांबडे झाले. “मंजे माह्या सात एकराची अन् इंदुताईच्या सात कोंबड्याईची किंमत एकच?”

“कोंबड्या अंडे तं देतेत, भाऊ,” इंदुताई म्हणाली.

झालं! ठरलं ते तिथंच ठरलं. एक घंटी वाजली की काम थांबायचं. मारणाऱ्यानं पुढं येऊन कारण सांगायचं. त्याची समजूत पटेपर्यंत गाडी हलायची नाही. आणि शेवटी इंदुताईची दोन घंटी. अध्यक्ष नाही, सचिव नाही, मतदान नाही, हार नाही. निवृत्त शिक्षक धम्मरत्न सर तर हरखूनच गेले. जगातलं सगळं वाचलेला माणूस.

“देवराव, याले अराज्यवाद म्हणतात! राजा नाई, हुकूम नाई, तरी लोक आपलं काम आपण चालवतात. मोठमोठ्या शहरात लोकाईनं करून पाह्यलं हे.”

“हळू बोला ना, सर,” देवराव इकडंतिकडं पाहत म्हणाला. “माही पेन्शन बंद कराची हाय काय?”

पण नाली वाहती झाली! कचऱ्याच्या पाळ्या लागल्या, दिवे लागले. भांडणंही झाली, नाही असं नाही. एकदा शोषखड्डा खणताना एक घंटी वाजली. सगळ्यांनी कुदळी टाकल्या. कारण सांगायला कोणीच पुढं येईना. अर्धा तास आक्षेपवाला शोधला, तर लेआऊटमधल्याच रुपालीची बकरी दोरीत शिंग अडकवून उभी. लोक शिव्या देत परत फिरले, पण तेवढ्यात कोणाच्या तरी ध्यानात आलं की खड्डा नळाच्या पाइपावरच खणला जातो आहे. आणखी चार घाव, की नवव्या दिवसाचं पाणीही गेलं असतं. रुपाली आजही सांगते, “बाकीचे निस्ते बोलतेत. माह्या बकरीनं पाह्यलं.”

ही कीर्ती इंद्रजीतभाऊंच्या कानावर गेली. इंद्रजीतभाऊ म्हणजे आमचे भावी नगराध्यक्ष. चार वर्षांपासून भावीच आहेत. फ्लेक्सवरचा फोटो त्याहून जुना, केस दाट होते तेव्हाचा. ते आले, दोरीखालून वाकून आले हे विशेष. म्हणाले, “देवरावजी, तुमची समिती रजिस्टर करून टाकू. तुमी अध्यक्ष. मी मार्गदर्शक. रस्त्यावर सिमेंटचे गट्टू लावून देतो, चौकात बोर्ड लावतो, तुमचा फोटो माह्या फोटोच्या बाजूले.”

खोटं कशाला बोलू, देवराव क्षणभर विरघळला. आयुष्यभर गाडीत उभा राहिलेला माणूस, कोणीतरी बस म्हणालं की पाय दुखतातच. पण टिंग! इंदुताई.

“कारण?” देवरावनं विचारलं.

“आज तू ओट्यावर सापडते. अध्यक्ष झाला का तुले भेटाले अर्ज करा लागन.”

एवढ्यावर बोर्ड गेला, गट्टू गेले आणि मार्गदर्शकही गेले. जाताना भाऊ हसत होते, पण ते हसू फ्लेक्सवरचं होतं. त्यानंतर आठच दिवसांत पानठेल्यावर घंटीच्या चोरीची गोष्ट आली. ती आम्ही किती इमानानं सांभाळून मोठी केली, ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

देवरावच्या कानावर ती गेली तेव्हा तो हसला नाही. त्याच्या घरात भिंतीवर एकच फ्रेम आहे: बाबासाहेब आणि बुद्ध, आणि त्याच फ्रेमच्या काचेत खोचलेला, आगारानं दिलेला निष्कलंक सेवेचा कागद. माणसाकडं पैसा नसतो, वावर नसतं. एक कागद असतो.

आणि वेळ कशी पाहा! लेआऊटमागं एक जुनी विहीर आहे. अकरा वर्षं तिच्यात गावाचा कचरा पडला. ती उपसायची ठरली होती. रविवारी सकाळी सहाला माणसं खाली उतरणार होती, आणि खाली-वर इशारा द्यायला घंटीची दोरी विहिरीपर्यंत नेली होती. एक घंटी: दोर थांबवा. दोन घंटी: ओढा. त्या घंटीशिवाय कोणी कोणाच्या भरवशावर विहिरीत उतरला नसता.

शनिवारी दुपारी चारला आगारातून मारोतराव आले. देवरावचेच जुने सोबती, आता बाबू. मी तिथं सहज गेलो होतो. सहज म्हणजे बातमी लागली आणि डावी चप्पल उजव्या पायात घालून धावलो.

“देवराव, तक्रार आली हाय,” मारोतराव खाली पाहत म्हणाले. “लेखी. मले पाहा लागते.”

“पाह्य ना. एकतीस वर्षं तपासणी झाली, आणखी एक.” देवराव बायकोकडं वळला. “राजदीपची माय, कोणत्या भंगारवाल्याकडून आणली होती वं?”

“फिरता होता तो. आता कुठं सापडते?” मथुराबाई म्हणाली.

“पावती?” मारोतरावांनी विचारलं.

“भंगाराची पावती कोण देते, भाऊजी?”

देवराव उठला. शिडी आणली, भिंतीला लावली. “पावती नाई, तं माल आपला नाई,” तो म्हणाला. “घेऊन जाय, मारोतराव. चोर म्हणून जगण्यापेक्षा बिनघंटीचा जगीन.”

“अन् उद्याची विहीर?” धम्मरत्न सर ओरडले.

देवराव शिडी चढला. सगळी गल्ली मान वर करून पाहत होती. त्यानं गाठीला हात घातला, पहिला पेच सोडवला...

टिंग!

आणि देवराव थांबला! एकतीस वर्षांची सवय हो. एक घंटी वाजली आणि शिडीवरचा माणूस आहे तिथं खिळला.

“कोण हाय?”

“मी हाय.” खाली दोरी धरून मथुराबाई उभी.

“कारण सांग.”

“घंटी तुमची नाई, तं काढणारे तुमी कोण, राजदीपचे बाबा? मी आणली. माही हाय.”

मारोतरावांनी वहीचं पान उलटलं. “मंजे वहिनी, नाव तुमचं लिहू?”

आता मथुराबाई अडकली, असं मला वाटलं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून टिंग! इंदुताई पदर खोचून आली. “माही बी हाय. माह्यापाशी बी दोरी हाय.” टिंग! रुपाली. “माही. अन् बकरीचीबी लिहा.” टिंग! धम्मरत्न सर. टिंग! टिंग! मग तर गर्दीच झाली. दोरी इकडून ओढली जाते, तिकडून ओढली जाते, घंटी वेडी झाली, कोंबड्या छपरावर चढल्या! आणि सगळ्यांत शेवटी इस्त्रीच्या सदऱ्यात भगवानराव: “लिवा, माह्या सात एकराची शपथ, घंटी माही हाय!”

मारोतराव लिहीत होते. सव्विसाव्या नावाला पेन बंद पडला. धम्मरत्न सरांनी आपला दिला. बेचाळिसावं नाव लिहून त्यांनी वहीकडं पाहिलं, मग शिडीवरच्या देवरावकडं पाहिलं.

“मालक बेचाळीस,” ते म्हणाले. “चोरी असन तं चोर बेचाळीस. अन् घंटी एक. असा फॉर्म आमच्या आगारात नाई.”

वही मिटली. चहा झाला. जाताना त्यांना घंटी ओढून पाहायची हुक्की आली. दोनदा ओढणार तोच इंदुताईनं हात धरला. “दोन घंटी माही, भाऊ. तुमी एक मारा.”

रविवारी सहाला माणसं उतरली. सहा दिवस गाळ निघाला. चपला निघाल्या, दोन सायकली निघाल्या, इंद्रजीतभाऊंचा एक जुना फ्लेक्स निघाला. सातव्या दिवशी तळाच्या दगडातून झरा फुटला, आणि खालून जी दोन घंटी वाजली ती पानठेल्यापर्यंत ऐकू आली! आता बेचाळीस घरी रोज पाणी आहे. भाऊ फोटोला आले होते. रांगेत उभे राहिले, नंबर लागला, फोटो काढला, पितळी गुंड भरून पाणी इंदुताईच्या घरी पोचवून गेले.

देवरावच्या फ्रेमच्या काचेत आता दुसराही कागद खोचलेला आहे. आगाराची पावती: “नवीन घंटी एक नग, जमा.” ती कशाच्या बदल्यात, ते मथुराबाईनं परवा विहिरीच्या ओट्यावर, नवऱ्यासमोर आणि सगळ्या लेआऊटसमोर सांगून टाकलं, म्हणून लिहायला हरकत नाही.

घंटी एसटीचीच होती. ती देवरावनं चोरली नव्हती. आगारात त्याच्या गळ्यात हार घालत होते तेव्हा मथुराबाईनं डब्यातल्या चमच्यानं दोन स्क्रू काढले आणि घंटी पिशवीत घातली.